बायोफिल्म पांगवणारा वायू : नायट्रिक ऑक्साइड

सूक्ष्मा (धागाकर्ती)

मधुमेहातल्या पायाच्या जखमांवरच्या धाग्यात एकच प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. पू तपासायला दिला, कल्चरच्या रिपोर्टात अमुक अँटिबायोटिकपुढे 'सेन्सिटिव्ह' (म्हणजे जंतू त्याला दाद देतो) आलं, तेच औषध पूर्ण डोसात दिलं, तरी जखम जैसे थे. मग रिपोर्ट खोटा का? तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

रिपोर्ट खोटा नसतो. जंतूची जात तीच असते, अवस्था निराळी असते. लॅबमध्ये जंतू ताज्या अन्नावर, सुटे सुटे, भराभर वाढत असताना त्यांच्यावर औषध सोडतात. जखमेत, फुप्फुसात किंवा कॅथेटरच्या आतल्या भिंतीवर ते असे राहत नाहीत. एकमेकांना चिकटून पुंजके करतात आणि भोवती शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए यांचा चिकट गर घालून बसतात. हीच बायोफिल्म. मोरीतला बुळबुळीत थर ती, आणि सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागतं ते कीटणही तीच. या अवस्थेतल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंच्या दहापट ते हजारपट औषध लागू शकतं. तेवढं रक्तात पोचवायचं म्हटलं तर आधी रुग्णाची मूत्रपिंडं जातील.

लेव्हेनहुकने १६८०च्या दशकातच याची चुणूक पाहिली होती. दातांवरचं कीटण काढून त्यावर व्हिनेगर टाकलं की वळवळणारे जीव मरायचे, पण व्हिनेगरने दात धुतले तरी जाड थराच्या आतले जिवंतच राहायचे. आज आपल्याला माहीत आहे की गराचा अडसर हे त्याचं एकच कारण. दुसरं म्हणजे थराच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, तिथले जंतू जवळजवळ झोपेत असतात, आणि आपली बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूच्या कामात खोडा घालून त्याला मारतात. जो कामच करत नाही त्याच्या कामात खोडा घालणार कसा?

आता मूळ मुद्दा. बायोफिल्म बाहेरून फोडायचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण ती जंतू स्वतःही मोडतात. पुंजका फार वाढला, आत अन्नपाणी पोचेनासं झालं, की काही मरतात आणि काहींना शेपटी फुटते, ते पोहत बाहेर पडतात आणि दुसरीकडे बिऱ्हाड करतात. 'निघा आता' हा निरोप कोण देतं? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या गटाने (निकोला बारो, स्कॉट राइस, स्टॅफान शेलेबर्ग आणि इतर) २००६ साली जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजीत याचं उत्तर छापलं: नायट्रिक ऑक्साइड.

त्यांच्या प्रयोगाची मांडणी मला फार देखणी वाटते. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जंतू प्राणवायू नसला की नायट्रेटवर श्वास घेतो. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचा नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन. म्हणजे हा वायू तो वाटेत स्वतःच बनवतो. त्यांनी दोन बिघडवलेले वाण घेतले. एकात नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं एन्झाइम नव्हतं. त्याची बायोफिल्म पांगेचना. दुसऱ्यात तो पुढे संपवणारं एन्झाइम नव्हतं, म्हणजे वायू साचत जाणार. ती नेहमीपेक्षा कितीतरी जोरात पांगली. मग साध्या वाणावर बाहेरून सोडियम नायट्रोप्रुसाइड सोडलं. आयसीयूत रक्तदाब झटपट उतरवायला वापरतात तेच हे, त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. मात्रा २५ ते ५०० नॅनोमोलर, म्हणजे अगदी नगण्य. एवढ्याशा मात्रेने जंतू मरत नाहीत, उठून चालू लागतात. आणि एकदा का हा वायू जोडीला आला की टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक, हायड्रोजन पेरॉक्साइड, अगदी डिटर्जंटसुद्धा एरवीपेक्षा खूप जास्त परिणाम करतात.

पेशीच्या आत काय घडतं तेही बऱ्यापैकी कळलंय. सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा एक छोटा रेणू आहे, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमान यांच्या गटाने १९८७मध्ये सेल्युलोज बनवणाऱ्या जंतूत शोधलेला. तो पेशीत वाढला की जंतू चिकटून बसतो आणि गर गाळतो, कमी झाला की शेपटी चालू होते. नायट्रिक ऑक्साइडमुळे हा रेणू तोडणाऱ्या एन्झाइमांचं काम वाढतं, पातळी उतरते आणि मंडळी निघतात. हे २००९मध्ये बारोंच्याच गटाने दाखवलं.

आपल्याला हा वायू हृदयाच्या बाजूने ओळखीचा. १९९८चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना याच्यासाठीच मिळालं, आणि आजोबांच्या खिशातली जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शरीरात जाऊन हाच वायू सोडते.

औषध म्हणून कुठवर आलंय ते प्रतिसादांत लिहीन. विचारा.

चिंतू_चिकित्सक

वाचनखूण साठवली. पण एक शंका आत्ताच विचारतो, नाहीतर विकांतापर्यंत डोक्यात घोळत बसेल.

हे आग्या मोहोळ उठवण्यातलं काम आहे. जंतू एका जागी गप्प बसले होते, आपण त्यांना शेपट्या फुटवल्या. ते रक्तात गेले तर? पायाच्या जखमेचं सेप्टिसीमिया करून द्यायचं का?

सूक्ष्मा

चिंतू, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. ही भीती कागदी नाही. टेक्सास टेकमध्ये केंड्रा रम्बॉ यांच्या प्रयोगशाळेने २०१८मध्ये उंदरांच्या जखमेतली बायोफिल्म एन्झाइमांनी विरघळवून पाहिली. तिथे नायट्रिक ऑक्साइड नव्हता, गरातल्या शर्करा तोडणारी एन्झाइमं होती, पण मुद्दा तोच. मात्रा जास्त आणि सोबत अँटिबायोटिक नाही, तेव्हा जंतू अंगभर पसरून उंदीर दगावले. अँटिबायोटिक सोबत दिलं तेव्हा हाच धोका आवरता आला.

म्हणून या विषयातलं गंभीर काम जवळपास सगळं 'अँटिबायोटिकसोबत' असंच आहे. औषध रक्तात आधी तयार हवं, मग उठवायचं. माझं तर मत असं की या धाग्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बातम्यांत 'अँटिबायोटिकला पर्याय सापडला' असं छापून येतं ते साफ उलटं आहे.

वडूजकर

सूक्ष्माताई, मी खेड्यात प्रॅक्टिस करतो. स्यूडोमोनसची जखम ओळखायला मला रिपोर्ट लागत नाही. पट्टी सोडली की हिरवट डाग आणि तो गोडसर वास. माणूस सांगतो, "डॉक्टर, गोळ्या चालू हायेत तवर बरं वाटतं, बंद केल्या की पुन्हा तेच." ही तुमची बायोफिल्मच बोलतेय.

दुसरं, दुर्बिणीने ऑपरेशन झालेले पेशंट महिना-दीड महिन्याने बेंबीपाशी गाठ घेऊन येतात. साध्या गोळ्यांना दाद नाही. तपासलं की क्षयाच्या जातभाईंपैकी, म्हणजे अॅबसेसस वगैरे मायकोबॅक्टेरिया निघतात. हे जंतू नळाच्या पाण्यात असतात, अवजारं नीट निर्जंतुक झाली नाहीत तर सोबत आत जातात, आणि तेही थर करून बसणारेच. त्यांच्यावर चालतं का हे?

सूक्ष्मा

वडूजकर डॉक्टर, अॅबसेससवर काम झालंय, पण तिथला हिशेब वेगळा आहे. तिथे निरोप देणं नाही, सरळ मारणं आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या (हा जन्मजात आजार, यात फुप्फुसात घट्ट कफ साचतो) ज्या रुग्णांच्या फुप्फुसात अॅबसेसस ठाण मांडून बसला होता आणि औषधांना दाद देत नव्हता, त्यांना १६० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १६० भाग) वायू हुंगवून पाहिला, इस्रायलमध्ये. १६० पीपीएम म्हणजे प्रचंड. सलग देता येत नाही, थोडा थोडा वेळ, देखरेखीखाली. इतक्या मात्रेत हा वायू जंतूची प्रथिनं, डीएनए, लोहाची केंद्रं यांची नासधूस करतो. आपल्या पांढऱ्या पेशीही याच कामासाठी तो बनवतात.

तेव्हा नॅनोमोलरमध्ये निरोप्या, त्याहून बऱ्याच वर मारेकरी. लोक या दोन्हींचे पेपर एकत्र कालवतात आणि मग निष्कर्ष जुळत नाहीत म्हणून गोंधळतात. कुठलाही दावा वाचलात की पहिली मात्रा बघा.

ओवीची_आई

मी सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. आमच्याकडे निदान व्हायलाच वर्षं गेली. आधी दमा, मग टीबी, मग 'बाळ अशक्त आहे'. घामातल्या क्षाराची तपासणी झाली तेव्हा कळलं. आता दिवस म्हणजे खारट पाण्याचं नेब्युलायझेशन, पाठ थोपटून फिजिओ, टोब्रामायसिनची वाफ, एन्झाइमच्या कॅप्सूल. थुंकीच्या रिपोर्टात पहिल्यांदा स्यूडोमोनस आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आत्ताच जोर लावून घालवायचा, कारण एकदा 'म्युकॉइड' झाला की जात नाही. ते म्युकॉइड म्हणजे हाच गर ना? आणि तुमच्या या वायूचं माणसांवर, म्हणजे आमच्यासारख्यांवर, काही झालंय का? परदेशात या आजारावर मिळणाऱ्या नव्या गोळ्यांची किंमत आम्हाला परवडणारी नाही, म्हणून विचारतेय.

सूक्ष्मा

ओवीची आई, हो. म्युकॉइड म्हणजे जंतूने अल्जिनेट नावाचा गर भरमसाठ गाळायला सुरुवात केलेली असते. तुमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच जोर लावायचा म्हटलं ते शंभर टक्के बरोबर.

माणसांवर झालंय, आणि तेही नेमकं याच आजारात. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या गटाने २०१७मध्ये मॉलिक्युलर थेरपीत ते छापलं. बारा रुग्ण, स्यूडोमोनस जुना झालेला, त्रास वाढून शिरेतून अँटिबायोटिक चालू झालेलं. त्यांपैकी काहींना सोबत १० पीपीएम नायट्रिक ऑक्साइड हुंगायला, काहींना नुसता दिखाऊ वायू. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. थुंकीतले जंतूंचे पुंजके त्यांनी चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. सात दिवसांत वायू मिळालेल्यांच्या थुंकीतले पुंजके दुसऱ्या गटापेक्षा ठळकपणे कमी झाले.

पण बारा म्हणजे बाराच. यातून कल्पना माणसात चालते एवढं कळलं. मुलीचा श्वास सुधारेल का, इस्पितळाच्या फेऱ्या कमी होतील का, हे सांगायला बारा जण पुरत नाहीत. आज कुठल्याही देशात बायोफिल्मसाठी नायट्रिक ऑक्साइड ही मान्यताप्राप्त उपचारपद्धत नाही. तुम्हाला आशेला लावून सोडायचं नाही म्हणून स्पष्ट लिहितेय.

निवांत_सिस्टर

मी नवजात बालकांच्या आयसीयूत काम करते. आमच्याकडे हा वायू सिलिंडरमधून येतो, नायट्रोजनमध्ये मिसळलेला. पूर्ण दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसातला रक्तदाब चढलेला असला की देतात, अमेरिकेत त्याला १९९९मध्ये मान्यता मिळाली. सुरुवात २० पीपीएमने. खर्च इतका की आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिल्डेनाफिल या औषधावरच भागवतात.

'वायू हुंगायचा' हे लिहायला सोपं आहे म्हणून सांगते. हा वायू हवेतल्या प्राणवायूशी मिळून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो फुप्फुस जाळतो. म्हणून यंत्रावर दोन्ही आकडे सतत दिसावे लागतात. रक्तातलं मेथहिमोग्लोबिन तपासत राहावं लागतं, ते वाढलं की रक्त चॉकलेटी होतं आणि प्राणवायू वाहून नेत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ८५च्या आसपास अडकून बसतो, खरं काय ते दाखवत नाही. आणि बंद करतानाही एकदम बंद करायचा नाही, हळूहळू उतरवायचा, नाहीतर दाब उसळून वर जातो.

१० पीपीएम आमच्या मानाने कमी आहे, पण घरी करायची गोष्ट ही नव्हेच.

प्राणायामप्रेमी

एवढं सगळं कशाला? भ्रामरी करा! नाकातला नायट्रिक ऑक्साइड पंधरापट वाढतो, स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. शिवाय रोज बिटाचा रस. आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं.

चिंतू_चिकित्सक

आले! मी वाटच बघत होतो.

पूर्वजांना सायक्लिक-डाय-जीएमपी ठाऊक असेल तर तो श्लोक द्या, पाठ करतो.

सूक्ष्मा

चिंतू, जरा दमानं. पंधरापटीचा आकडा खरा आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२मध्ये तो मोजला, गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या वायूचा, शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत. गालांच्या आणि कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांत हा वायू भरपूर तयार होतो, गुणगुणण्याच्या कंपनाने तिथली हवा हलते आणि तो बाहेर येतो. बिटाचंही खरं: त्यातलं नायट्रेट लाळेत उतरतं, जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, पोटात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. जंतुनाशक माउथवॉशने खळाळून चुळा भरल्या तर ही साखळी तुटते.

पण यातून फुप्फुसातली किंवा पायातली बायोफिल्म पांगते असं कुणीही दाखवलेलं नाही. रक्तात हा वायू गेला रे गेला की हिमोग्लोबिन त्याला क्षणात गिळतं. भ्रामरी करा, छान वाटतं, मीही करते. अँटिबायोटिकऐवजी करू नका.

ओवीची_आई

यात एक उलटी गंमत आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांच्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड मुळातच कमी असतो, आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा मला ते नुसतं एक वाक्य वाटलं होतं.

सूक्ष्मा

हो, आणि फुप्फुसातले केस हलत नाहीत अशा जन्मजात आजारात, म्हणजे प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशियात, नाकातला वायू इतका कमी असतो की प्राथमिक चाचणी म्हणून तोच मोजतात. दोन्ही आजारांत छातीत जंतू ठाण मांडून बसतात. एकामुळेच दुसरं असं म्हणायची माझी तयारी नाही, पण साउथहॅम्प्टनवाल्यांना हा वायू बाहेरून भरून द्यावासा वाटला यात नवल नाही.

पंपवाला

मी रुग्ण नाही, डॉक्टर नाही. आरओ प्लांट सांभाळतो, एमआयडीसीत. आमचा रोजचा शत्रू हीच बायोफिल्म. मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, थर बसला की दाब वाढतो, पाणी कमी, वीजबिल जास्त. क्लोरीन मारून मोकळं व्हावं तर पॉलिअमाइडचं मेम्ब्रेनच खराब होतं, म्हणून आधी क्लोरीन काढून टाकायला मेटाबायसल्फाइट सोडावं लागतं. मग बायोसाइड (जंतू मारणारं रसायन), मग अल्कलीने धुणं, आणि थोड्या दिवसांत येरे माझ्या मागल्या. या वायूने थर उठवला आणि पाण्याने वाहून गेला, तर मला मारायची गरजच नाही! आमच्याकडे कोण अँटिबायोटिक मागतंय?

सूक्ष्मा

पंपवाले, तुमचा प्रश्न फार आवडला. सिडनीच्या गटाचा डोळा पहिल्यापासून तुमच्याकडेही आहे. २००९मध्ये त्यांनी पिण्याच्या आणि पुनर्वापराच्या पाण्यातल्या मिश्र बायोफिल्मवर, म्हणजे अनेक जातींचे जंतू एकत्र असलेल्या थरावर, हे करून पाहिलं. नायट्रिक ऑक्साइड आणि क्लोरीन एकत्र दिले तर नुसत्या क्लोरीनपेक्षा खूपच जास्त थर निघाला. पुढे आरओ मेम्ब्रेनवरही प्रयोग झाले. अडचण पैशाची आणि वायू सोडणारं रसायन सतत पुरवत राहण्याची. पण पाइपला सेप्टिसीमिया होत नाही, ही तुमची मोठी सोय.

चिंतू_चिकित्सक

माझ्या मित्राच्या गुडघ्याच्या कृत्रिम वाटीला जंतुसंसर्ग झाला, जंतू स्टॅफ ऑरियस. वाटी काढून परत बसवावी लागली. तिथे हा वायू सोडून भागलं असतं का? की स्यूडोमोनस सोडून बाकी कुणाला हा निरोप वाचताच येत नाही?

सूक्ष्मा

स्टॅफ हा या कथेतला खरा अडथळा आहे, आणि लोक त्याच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. त्याच्याकडे सायक्लिक-डाय-जीएमपीची ही यंत्रणाच नाही, म्हणजे निरोप पोचवायला वाटच नाही. वर तो नायट्रिक ऑक्साइडला विलक्षण दाद न देणारा जंतू आहे: पांढऱ्या पेशींनी वायू सोडला तर तो श्वासाची नेहमीची पद्धत गुंडाळून लॅक्टेट बनवत तगून राहतो. कृत्रिम सांध्यांतले बरेच संसर्ग स्टॅफचेच, म्हणून नॅनोमोलरचा खेळ तिथे चालेल असं मला वाटत नाही. जास्त मात्रेचा चालू शकेल, पण तो मारण्याचा खेळ.

आणखी वैताग म्हणजे काही जंतू उलटेच वागतात. शेवानेला ओनिडेन्सिस नायट्रिक ऑक्साइड दिसला की बायोफिल्म वाढवतो. त्याचाच भाऊ शेवानेला वुडी तो दिसला की कमी करतो. वायू ओळखणारी प्रथिनं साधारण सारखी, पण त्यांच्यामागची तारजोडणी प्रत्येकाची निराळी. जखमेत एकटा स्यूडोमोनस क्वचित असतो, तेव्हा 'सगळ्यांना एकच निरोप' ही कल्पना मला पहिल्यापासून भाबडी वाटत आलीय.

शिवाय स्यूडोमोनसही मुकाट ऐकत नाही. त्याच्याकडे फ्लेव्होहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन आहे. वायू आला की ते बनवतो आणि वायू पचवून टाकतो. म्हणून एकदा थोडी मंडळी उठतात आणि बाकीची बसून राहतात. राइस यांच्या गटाने २०१८मध्ये इमिडाझोल नावाच्या रसायनाने हे प्रथिन अडवलं, तेव्हा पांगापांग वाढली.

वडूजकर

बरं, वायू फुप्फुसात हुंगता तरी येतो. पायाच्या जखमेत नेमका तिथेच कसा सोडायचा? क्षणात उडून जाणारी चीज.

सूक्ष्मा

त्यावर रसायनशास्त्रज्ञांनी खूप डोकं चालवलंय. मला सगळ्यांत आवडलेली युक्ती ऑस्ट्रेलियाचीच. वोलाँगाँगचे मायकेल केल्सो आणि सिडनीचा गट यांनी २०१२मध्ये सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकच्या रेणूला वायू धरून ठेवणारा तुकडा जोडला. जंतू सेफॅलोस्पोरिन दिसलं की बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम सोडून त्याचं कडं तोडतो. तुमच्या रिपोर्टात 'ईएसबीएल' लिहून येतं ती याच एन्झाइमांची एक टोळी. इथे कडं तुटलं की तो तुकडा गळून पडतो आणि वायू सुटतो. म्हणजे जंतूने प्रतिकार केला तरच औषध उघडतं, आणि जंतू जिथे आहे तिथेच. अजून प्रयोगशाळेतच आहे हे, पण बुद्धीला दाद द्यावीच लागते.

पायासाठी ब्रिटनमध्ये एक दोन थरांची पट्टी करून पाहिली. एका थरात सोडियम नायट्राइट, दुसऱ्यात आम्लधर्मी जेल. जखमेवर दोन्ही एकमेकांना लागले की वायू सुटत राहतो. मधुमेहींच्या पायावर अनेक इस्पितळांत चाचणी झाली, २०१८मध्ये निकाल छापला. बारा आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ या पट्टीने मध्यकाने (निम्म्या जखमा याहून जास्त, निम्म्या कमी) ८८.६ टक्के आकसलं, नेहमीच्या उपचाराने ४६.९ टक्के. आकडे चांगले आहेत, पण नायट्रिक ऑक्साइडने रक्तपुरवठाही सुधारतो, त्यामुळे यातलं श्रेय बायोफिल्म पांगण्याचं किती आणि रक्तवाहिन्या उघडल्याचं किती, हे या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही.

तसंच, वायू सोडणारं एक मलम अमेरिकेत जानेवारी २०२४मध्ये मान्य झालं, बर्डाझिमर. दोन ट्यूबमधलं जेल लावायच्या वेळी मिसळायचं. पण ते मोलस्कम या त्वचेच्या विषाणूसाठी आहे, बायोफिल्मसाठी नाही. आपल्याकडे २०२२मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने कॅनडाच्या सॅनोटाइझबरोबर आणलेला नाकातला फवारा, फॅबिस्प्रे, तोही कोविडच्या विषाणूवर होता.

खटपट_राव

नायट्राइट आणि आम्ल एवढंच असेल तर घरी करता येईल की. मांस टिकवायचं नायट्राइट बाजारात मिळतं आणि लिंबू घरात आहेच. आमच्या काकांची जखम काही केल्या भरत नाही.

निवांत_सिस्टर

खटपट राव, हात जोडते, करू नका. सोडियम नायट्राइटची थोडीशी मात्रा पोटात गेली तरी मेथहिमोग्लोबिन चढून माणूस निळा पडतो, आणि मिथिलीन ब्ल्यू शिरेतून वेळेत दिलं नाही तर जातो. उघड्या जखमेतूनही ते रक्तात शिरतं. ही पुडी घरात मिठाशेजारी ठेवणं हाच मोठा धोका आहे.

काकांना सर्जनकडे न्या आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. नाडी लागत नसेल तर कुठलीही पट्टी उपयोगाची नाही.

खटपट_राव

बरं सिस्टर. पुडी आणणार नाही. सोमवारी नेतो.

वडूजकर

सिस्टरांना माझा पूर्ण पाठिंबा. काकांच्या साखरेचा तीन महिन्यांचा आकडाही घेऊन जा सोबत.

सूक्ष्माताई, ती पट्टी मला इथे मिळणार नाही, केल्सोसाहेबांचा रेणू माझ्या हयातीत तालुक्याला येईल असं वाटत नाही. तोवर माझ्याकडे काय आहे? ब्लेड आणि सलाईन.

सूक्ष्मा

डॉक्टर, ब्लेड कमी समजू नका. जखम खरवडून साफ केली की थर मोडतो, आणि जे जंतू उरतात ते पुन्हा थर बांधेपर्यंत काही काळ सुट्या जंतूंसारखे, म्हणजे औषधाला दाद देणारे असतात. अमेरिकेतल्या वोलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये हे मोजलं होतं. साधारण पहिले एक-दोन दिवस ही खिडकी उघडी असते, तिसऱ्या दिवसापर्यंत थर पुन्हा घट्ट व्हायला लागतो. त्यामुळे खरवडणं सोमवारी आणि औषध बदलणं गुरुवारी, असं झालं तर ती संधी वाया गेली. पुन्हा पुन्हा खरवडावं लागतं तेही यामुळेच.

वडूजकर

हे कामाचं बोललात. आमच्याकडे पेशंट बाजाराच्या दिवशी येतो, म्हणजे आठवड्याने एकदा. पट्टीला सिस्टरला मधल्या दिवशी घरी पाठवता येईल का ते बघतो. एसटीची वेळ जुळली पाहिजे.

पंपवाला

डॉक्टर, आमच्याकडेही हाच घोळ आहे बघा. मेम्ब्रेन धुवायचं शनिवारी, बायोसाइड सोमवारी, कारण रविवारी सुट्टी. उद्या शिफ्ट बदलून घेतो.